कंपनी नाही, करार नाही. तरी मेटल बँडचा पहिला अल्बम निघतो कसा? समजून घ्या

भिवंडी : हळदीला बेंजो, गणपतीत ढोल-ताशा, जत्रेला ऑर्केस्ट्रा. भिवंडी, शहापूर, वाडा या पट्ट्यात वाजवणारी पोरं काही नवीन नाहीत. पण हल्ली कॉलेजात जाणाऱ्या काही पोरांच्या हेडफोनमधून वेगळाच आवाज बाहेर येतो. गिटारचा घरघराट, ड्रमचा धडाका आणि गाणारा असा ओरडतो की घरातलं म्हातारं माणूस विचारतं, "हे गाणं आहे का भांडण?"

या संगीताला मेटल म्हणतात आणि त्याचाच एक चुलतभाऊ म्हणजे हार्डकोअर. सिनेमात ते क्वचितच ऐकू येतं, रेडिओवर तर जवळपास नाहीच. मोठ्या कंपन्याही त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत. तरीही मुंबई-ठाण्याच्या पोरांनी गेल्या पंचवीस वर्षांत असे अल्बम काढले, विकले आणि परदेशात जाऊन वाजवलंसुद्धा. बहुतेकांचं पहिलं रेकॉर्डिंग स्वतःच्या खिशातून झालं. हे जमतं कसं आणि त्यातून गावाकडच्या वाजवणाऱ्यांनी काय घ्यावं, ते सोप्या भाषेत पाहू.

मेटल आलं कारखान्यातून

भिवंडीत लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला मेटलचा जन्म समजायला जड जाणार नाही. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे असंच कारखान्यांचं शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये हात सापडला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. पोराने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं आणि हलक्या तारा बसवून पुन्हा वाजवायला लागला. पुढे त्याने तारा सैल करून आवाज आणखी खाली उतरवला. त्यातून जो जड, काळोखा आवाज निघाला तो पुढे मेटलची ओळख बनला.

त्याच्या बँडचं नाव ब्लॅक सब्बाथ. पहिला अल्बम त्यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड केला. तो १३ फेब्रुवारी १९७० ला बाजारात आला. रोज कार्यक्रमात वाजवत होते तीच गाणी स्टुडिओत तशीच वाजवली, म्हणून एक दिवस पुरला. याच बँडने ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्येच शेवटचा कार्यक्रम केला.

हार्डकोअर अमेरिकेत १९८० च्या सुमारास जोरात आलं. गाणी छोटी, वेग जास्त, शब्द थेट. मध्येच वेग एकदम खाली येतो आणि सगळी वाद्यं एकाच ठोक्यावर आदळतात. त्याला ब्रेकडाऊन म्हणतात. त्या वेळी समोरचं पब्लिक एकमेकांना धक्के देत नाचतं. लांबून मारामारी वाटते, पण कुणी पडला तर बाजूचे लगेच हात देऊन उठवतात, असा तिथला रिवाज आहे.

'अंडरग्राउंड' म्हणजे लपून नाही

अंडरग्राउंड शब्द ऐकला की पोलीस-बिलीस आठवतात. इथे अर्थ साधा आहे. टीव्ही, सिनेमा आणि मोठ्या कंपन्यांच्या बाजारापासून बाजूला चालणारं संगीत. लहान हॉल, कॉलेजचे कार्यक्रम, ओळखीतून ओळख.

आणि 'अनसाइन्ड' बँड म्हणजे ज्याने कोणत्याही रेकॉर्ड कंपनीशी करार केलेला नाही असा बँड. कंपनी करार करते तेव्हा ती रेकॉर्डिंगला पैसे लावते, जाहिरात करते, माल बाजारात पोचवते. बदल्यात त्या रेकॉर्डिंगचा हक्क बहुतेक वेळा स्वतःकडे घेते. करार नसला की पैसा बँडचा, धावपळ बँडची, तोटा बँडचा. पण रेकॉर्डिंगही बँडचंच. शेतकऱ्याला हा हिशेब लगेच कळेल. बियाण्याला उचल ज्याची, पिकावर पहिला शब्द त्याचा.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टनमध्ये टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा हार्डकोअर बँड होता. कार्यक्रमांतून मिळालेले पैसे त्यांनी खर्च केले नाहीत, साठवले. १९८० मध्ये बँड मोडला तेव्हा त्याच पैशातून त्यांनी आपल्या गाण्यांची छोटी तबकडी काढली. पहिल्या खेपेला १,००० प्रती. तबकडीची पाकिटं त्यांनी स्वतः कापून, दुमडून, चिकटवून तयार केली. त्यासाठी उघडलेली कंपनी, डिस्कॉर्ड, आजही चालू आहे.

मुंबईत काय झालं?

आपल्याकडचं जवळचं उदाहरण मुंबईचं. साहिल मखिजा या तरुणाने २००० साली डेमॉनिक रिसरेक्शन नावाचा बँड सुरू केला आणि त्याच वर्षी 'डेमनस्टीलर' हा पहिला अल्बम स्वतःच काढला. तेव्हा यूट्यूब नव्हतं, यूपीआय नव्हतं, हातात स्मार्टफोन नव्हता. भारतात असल्या आवाजाचे बँड बोटावर मोजण्याइतके.

दुसरा अल्बम यायला २००५ साल उजाडलं. मधल्या काळात मखिजा रेकॉर्डिंगचं काम शिकला आणि पुढे डेमनस्टीलर रेकॉर्ड्स नावाने स्वतःचं लेबलही काढलं. तिसरा अल्बम २०१० मध्ये आला तेव्हा तो भारतात याच घरच्या लेबलने आणि परदेशात कँडललाइट या ब्रिटिश कंपनीने काढला. म्हणजे कंपनी आली, पण दहा वर्षं स्वतः उभं राहिल्यानंतर. घरचा बाजार तोवर हातात होता. २०१७ मध्ये या बँडने विष्णूच्या दहा अवतारांवर 'दशावतार' नावाचा अल्बम केला. कोकणात रात्र-रात्र दशावतार पाहणाऱ्यांना हा विषय परका वाटू नये.

हार्डकोअरमध्ये मुंबईच्या स्क्राइब बँडचं नाव मोठं. त्यांनी परदेशी बँडची नक्कल करत बसण्यापेक्षा इथल्याच गोष्टी उचलल्या. अल्बमची नावं बघा : 'मार्क ऑफ तेजा' (२०१०) आणि 'हेल मोगॅम्बो' (२०१४). एक हिंदी सिनेमातला खलनायक इकडे, दुसरा तिकडे. नावातच पावभाजी असलेलं गाणंही त्यांच्याकडे आहे. २००३ मध्ये सुरू झालेला मुंबईचा आणखी एक बँड तर नावानेच लक्षात राहतो : भयानक मौत.

अलीकडचं उदाहरण दिल्लीच्या ब्लडीवूडचं. मेटलमध्ये ढोल, बासरी आणि पंजाबी बोल मिसळणारा हा बँड यूट्यूबवरून पुढे आला. २०१९ मध्ये जर्मनीच्या मोठ्या महोत्सवात वाजवून आला तेव्हाही त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम निघालेला नव्हता. 'रक्षक' हा तो अल्बम त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीशिवाय काढला. नाव झाल्यावर मगच अमेरिकी कंपनीशी करार केला आणि २०२५ मध्ये पुढचा अल्बम आला.

पहिलं रेकॉर्डिंग होतं कसं?

मेटलचं रेकॉर्डिंग भजनासारखं एक मोबाईल मध्ये ठेवून होत नाही. सगळी वाद्यं एकत्र वाजवली तर ड्रमचा आवाज बाकी सगळं गिळून टाकतो. म्हणून कामाचे टप्पे पाडतात.

पहिला टप्पा तालाचा. कानात घड्याळासारखी टिकटिक लावतात, त्याला क्लिक म्हणतात. ड्रमर त्या टिकटिकीवर पूर्ण गाणं वाजवतो. ड्रमच्या प्रत्येक भागाला वेगळा माईक लागतो, त्यामुळे एका ड्रमसेटला आठ-दहा माईक सहज होतात. मेटलमध्ये दोन्ही पायांनी मोठा ढोल वाजवतात आणि वेग मिनिटाला २०० ठोक्यांच्या आसपास जातो. इथे ताल हलला तर वरचं सगळं हलतं. घराचा पाया वाकडा असला तर भिंत सरळ येईल का?

दुसरा टप्पा बास गिटारचा. तिसरा गिटारचा. गिटारवाला तेच वाजवणं दोनदा रेकॉर्ड करतो, एक डाव्या कानासाठी, एक उजव्यासाठी. मोबाईलला हेडफोन लावून कोणतंही मेटलचं गाणं ऐका आणि एक कान काढा, फरक कळेल. दोन्ही वेळचं वाजवणं केसभर वेगळं असतं, त्यामुळेच आवाज भिंतीसारखा रुंद वाटतो.

चौथा टप्पा आवाजाचा. हे ओरडणं म्हणजे घसा फोडणं नाही. स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, श्वासाचा दाब पोटातून देऊन त्या हलवतात आणि तो खर्जातला गुरगुराट निघतो. शिकून केलं तर गायक वर्षानुवर्षं गातो. बघून-बघून जोर लावला तर आवाज बसतो. पोरांनी हे मनाने करू नये. घसा दुखला की थांबावं.

यानंतर मिक्सिंग, म्हणजे कोणतं वाद्य किती वर आणि किती खाली हे ठरवणं. शेवटी मास्टरिंग, म्हणजे सगळी गाणी एकसारख्या आवाजात, मोबाईलपासून डीजेच्या स्पीकरपर्यंत नीट वाजतील अशी करणं. भाताला जसं झोडणी, मळणी, पाखडणी वेगळी, तसं हे.

घरी होईल का?

बऱ्यापैकी होतं. एक कॉम्प्युटर, माईक-गिटार जोडायचा ऑडिओ इंटरफेस नावाचा डबा, एक-दोन माईक आणि हेडफोन एवढ्यात गिटार, बास आणि आवाज घरी रेकॉर्ड होतो. ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे. पैसे वाचवायचे तर बँड फक्त ड्रमसाठी स्टुडिओ घेतात, बाकी घरी करतात आणि मिक्सिंगला पुन्हा जाणकाराकडे जातात. त्याआधी महिनाभर तालीम करतात, कारण स्टुडिओचं मीटर तासावर पळतं.

एक गैरसमज सगळीकडे आहे. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले की आवाज बाहेर जात नाही, असं म्हणतात. तसं होत नाही. आवाज अडवायला जाड, जड भिंत आणि बंद फटी लागतात. गोधड्या, गाद्या टांगल्याने खोलीतला घुमारा कमी होतो, पण शेजारच्या लूमचा आवाज आत यायचा तो येतोच. भिवंडीत लूम दिवसपाळी-रातपाळी चालतात. त्यामुळे माईकवरचं काम तिथून लांब, गावाकडच्या खोलीत केलेलं बरं.

मालक कोण? कायदा काय म्हणतो

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि तो मेटलपुरता नाही. बेंजो पार्टी, कोळीगीतं गाणारे, भजनी मंडळ, रॅप करणारी पोरं, सगळ्यांना तो लागू पडतो.

एका गाण्यात हक्क अनेक असतात. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा, चालीचा हक्क संगीत देणाऱ्याचा. हे दोन्ही हक्क त्या माणसाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतात. तिसरा हक्क रेकॉर्डिंगचा. तो रेकॉर्डिंग करवून घेणाऱ्या निर्मात्याचा असतो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा कलाकार म्हणून वेगळा हक्क आहे, तो ५० वर्षांचा.

म्हणून बँडने स्वतःच्या पैशाने आणि जबाबदारीवर रेकॉर्डिंग केलं तर निर्माता बँडच. मूळ रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात, ते त्यांचं. पण कुणी येऊन म्हणालं, "खर्च माझा, व्हिडिओ माझा, चॅनल माझं, तुम्ही फक्त वाजवा," तर चित्र बदलतं. हातात रोख रक्कम पडते, गावात नाव होतं, पण रेकॉर्डिंग त्याचं होतं. पुढे ते गाणं चाललं तर यूट्यूबचा पैसा त्याच्या खात्यात जातो. इतकंच नाही, पार्टीने स्वतःच्या चॅनलवर तेच रेकॉर्डिंग टाकलं तर त्यावरच कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.

कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये मोठा बदल झाला. गीतकार आणि संगीतकाराने बाकी हक्क लिहून दिले तरी गाण्याच्या रॉयल्टीतला समान वाटा घेण्याचा त्यांचा हक्क काढून घेता येत नाही. तसा करार केला तरी तो मुद्दा टिकत नाही. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो करार भारतापुरताच मानला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्याचा वापर केला नाही आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तो हक्क संपतो.

गाणं तयार झालं की हक्क आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालं तर नोंदणी पुरावा म्हणून कामी येते. सरकारी फी शब्दांसाठी किंवा चालीसाठी ५०० रुपये आणि रेकॉर्डिंगसाठी २,००० रुपये अशी ठरलेली आहे. अर्ज ऑनलाइन होतो. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, तिचं सभासद होता येतं. मात्र चाल दुसऱ्याची असेल तर आधी त्याची परवानगी. हिंदी गाण्याच्या चालीवर शब्द बसवले म्हणून चाल आपली होत नाही.

लोकांपर्यंत जातं कसं?

स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक यांसारख्या ठिकाणी गाणं टाकायला कंपनी लागत नाही. मधले डिस्ट्रिब्युटर असतात. ते ठरावीक वर्गणी किंवा टक्के घेतात आणि गाणं सगळीकडे पोचवतात, हक्क तुमच्याकडेच राहतो. पण अटी वाचूनच बटण दाबायचं. अंडरग्राउंड बँड बँडकॅम्प नावाच्या साइटवरही गाणी विकतात. तिथे ऐकणारा थेट पैसे देतो आणि साइट डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापते.

खरं सांगायचं तर ऑनलाइन ऐकण्यातून लहान बँडला चहापाण्यापुरतंच मिळतं. पैसा येतो कार्यक्रमातून आणि कार्यक्रमाच्या जागी टेबल मांडून विकलेल्या टी-शर्ट, सीडीतून. घरखर्च त्यावर भागत नाही म्हणून बहुतेक जण नोकरी-धंदा करूनच वाजवतात. साहिल मखिजाचंही यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाचं स्वयंपाकाचं चॅनल आहे.

मग पहिल्या रेकॉर्डिंगचा उपयोग काय? ते बँडचं ओळखपत्र असतं. जर्मनीत वाकेन नावाचं सुमारे दोन हजार वस्तीचं खेडं आहे, भोवती शेती आणि गुरं. १९९० पासून तिथल्या शेतांत दर उन्हाळ्यात मेटलची जत्रा भरते. ऐंशी हजारांच्या आसपास लोक येतात, पाऊस झाला की गुडघाभर चिखल होतो, ट्रॅक्टरने गाड्या ओढाव्या लागतात. दिल्लीचा ब्लडीवूड २०१९ मध्ये वाजवून आला तो याच ठिकाणी. या जत्रेत कंपनीचा करार नसलेल्या बँडसाठी खास स्पर्धा असते आणि देशोदेशीच्या बँडना तिथे वाट मिळते. अशा ठिकाणी दार ठोठवायचं तर हातात स्वतःचं रेकॉर्डिंग लागतं.

रेकॉर्डिंगआधी हे पाच मुद्दे लिहून ठेवा

१. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, कोण काय वाजवतो, हे तारखेसह कागदावर लिहा. सगळ्यांच्या सह्या घ्या. बँड मोडतात, मैत्री तुटते, कागद राहतो.

२. खर्च कुणी किती केला आणि पैसे आले तर वाटणी कशी, हे आधीच ठरवा.

३. स्टुडिओतून फक्त एमपीथ्री घेऊन येऊ नका. पूर्ण दर्जाची वेव्ह फाइल आणि प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल मागा. दोन ठिकाणी जपून ठेवा. स्टुडिओचे पैसे दिल्याची पावती घ्या.

४. बँडचं यूट्यूब चॅनल आणि ई-मेल कुणा एकाच्या नंबरवर ठेवू नका. दोघांकडे तरी पासवर्ड असू द्या.

५. कुणी करार पुढे केला तर त्यात मुदत, प्रदेश, रॉयल्टी आणि कोणते हक्क जातात हे चार शब्द शोधा. 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' असं दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे विचारणा करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत मदत मिळते.

मेटल सगळ्यांना आवडेल असं नाही, आणि आवडायलाच पाहिजे असंही नाही. पण कुणाच्या घरात पोरगा-पोरगी गिटार घेऊन बसत असेल किंवा कुणाची बेंजो पार्टी यंदा पहिलं गाणं रेकॉर्ड करणार असेल, तर हे पाच मुद्दे त्यांच्या ग्रुपवर टाका. तुळशीचं लग्न झालं की हळदीच्या सुपाऱ्या सुरू होतात. मग कागद करायला कुणाला वेळ मिळत नाही.